वसईचा व्यापारी, नागासाकीचा हुतात्मा : संत गोन्सालो गार्सिया

ज्युबिलीच्या निमित्ताने आपण सर्वजण मागे वळून पाहत आहोत, आणि ते योग्यच आहे. ज्यांनी या धर्मग्रामाची पहिली वीट रचली, ज्यांनी पावसापाण्यात वैनगंगेचे काठ तुडवीत गावोगावी सेवा केली, त्यांचे स्मरण करणे हे कृतज्ञ लेकरांचे कर्तव्य होय. तथापि ज्युबिली या शब्दाचा मूळ अर्थ आपण विसरू नये. जुन्या करारातील लेवीय या ग्रंथात परमेश्वराने इस्राएल प्रजेला आज्ञा केली आहे की, पन्नासावे वर्ष पवित्र मानावे, देशभर कर्णे फुंकावे, दास झालेल्यांना मोकळे करावे आणि विकली गेलेली जमीन मूळ घराण्याकडे परत जाऊ द्यावी. अर्थात ज्युबिली हा केवळ आठवणी काढण्याचा सण नव्हे. तो मूठ सैल करण्याचा, धरून ठेवलेले सोडून देण्याचा सण आहे.

सोडून देणे ही गोष्ट बोलावयास सोपी व आचरावयास फार कठीण आहे. मनुष्य दोन प्रकारच्या गोष्टींना कवटाळून बसतो. पहिली त्याने मिळविलेली : धन, मान, घराण्याचे नाव. दुसरी त्याला न मिळालेली : नाकारलेली इच्छा, झालेला अपमान, जुने शल्य. धनाचा त्याग करणारे पुष्कळ संत आपणास ठाऊक आहेत. परंतु शल्याचाही त्याग केला आणि मग धनाचाही केला, असा एक पुरुष आपल्याच महाराष्ट्राच्या भूमीत जन्मास आला. भारतात जन्मलेल्यांपैकी ज्यांना ख्रिस्तसभेने सर्वप्रथम संतपद दिले, ते वसईचे संत गोन्सालो गार्सिया हेच होत. त्यांचे चरित्र या प्रसंगी आपण थोडे निवांतपणे पाहू या.

वसई आणि बालपण

इ. स. १५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई पोर्तुगिजांच्या स्वाधीन केली. त्यानंतर थोड्याच वर्षांत तेथे कोट, वखारी, चर्च व मठ उभे राहिले. भारताचे महान प्रेषित संत फ्रान्सिस झेवियर यांचेही पाय वसईस लागले होते. अशा या बंदरी गावात इ. स. १५५६-५७ च्या सुमारास गोन्सालो यांचा जन्म झाला. त्यांचे वडील पोर्तुगीज व आई याच कोकणपट्टीतील होती, असे सामान्यतः मानले जाते. म्हणजे एका बाजूने राज्यकर्त्यांचे रक्त व दुसऱ्या बाजूने येथील मातीचे. असे मूल दोन्हीकडे थोडे परके ठरते, हे निराळे सांगावयास नको.

बालवयातच गोन्सालो येशूसंघाच्या धर्मगुरूंच्या छत्राखाली आले. वाचन, लेखन, प्रार्थना, मिस्सा-सेवा यांत त्यांची सुमारे आठ वर्षे गेली. त्यांना शिकविणाऱ्यांत फादर सेबास्तियन गोन्साल्विस हे होते, आणि मुलाचा ओढा धर्मसेवेकडे आहे हे त्यांनी ओळखले होते. पुढे या गुरूंसमवेतच गोन्सालो घर, आई व गाव सोडून जपानला निघाले.

पहिली जपानयात्रा

त्या काळचा तो प्रवास म्हणजे मृत्यूशी केलेला सौदाच होता. गलबत वाऱ्याच्या तोंडाकडे पाहून चालावयाचे. मलाक्का, मकाव अशी बंदरे घेत घेत मजल गाठावयाची. वादळ, पाण्याचा तुटवडा व ज्वर हे सदाचे सोबती. जपानात संत फ्रान्सिस झेवियर यांनी इ. स. १५४९ साली शुभवर्तमानाचे बीज पेरले होते, आणि गोन्सालो तेथे पोहोचले तेव्हा ते चांगले रुजू लागले होते. इ. स. १५७१ पासून नागासाकीचे बंदर पोर्तुगीज जहाजांस खुले झाले होते. धर्मगुरू थोडे, जिज्ञासू फार, आणि भाषा अत्यंत अवघड, अशी तेथील स्थिती होती.

येथे गोन्सालो यांच्या अंगचा एक विशेष गुण प्रकट झाला. जपानी भाषा त्यांनी झपाट्याने आत्मसात केली. यामुळे ते धर्मशिक्षक म्हणून फार उपयोगी पडू लागले. लहान मुलांना प्रार्थना शिकविणे, स्नानसंस्कारासाठी प्रौढांची तयारी करून घेणे, धर्मगुरूंचे बोल लोकांना समजावून सांगणे, हे काम त्यांनी सुमारे आठ वर्षे निष्ठेने केले. त्यांच्या अंतःकरणात इच्छा एकच होती : येशूसंघात प्रवेश मिळावा, व्रते घ्यावीत आणि जन्मभर हेच कार्य करावे.

ती इच्छा पूर्ण झाली नाही. प्रवेश आज मिळेल, उद्या मिळेल, अशी वाट पाहता पाहता वर्षे लोटली आणि अखेरीस हे दार आपल्यासाठी उघडणार नाही, हे त्यांना कळून चुकले. वाचकहो, क्षणभर थांबून या तरुणाची स्थिती मनात आणा. ज्यांच्या हाताखाली तो वाढला, ज्यांच्या मागे त्याने समुद्र ओलांडला, ज्यांची सेवा त्याने तारुण्याची उत्तम वर्षे खर्चून केली, त्यांच्याच घरात त्याला मुलाची जागा मिळाली नाही. अशा प्रसंगी कित्येकांची श्रद्धाच ढळते. कित्येक देवळात येतात, परंतु जन्मभर कडवटपणाची गाठ पदरात बांधून येतात.

व्यापारी गोन्सालो

गोन्सालो यांनी ते काम सोडले व व्यापार आरंभिला. त्या काळी चीनचे रेशीम आणि जपानचे रुपे यांची देवघेव मोठ्या तेजीत होती. ज्याला जपानी बोलता येते, जो बोलण्यात गोड व व्यवहारात चोख आहे, त्याच्यासाठी ही सुवर्णसंधीच होती. त्यांचा व्यापार वाढला, निरनिराळ्या ठिकाणी पेढ्या झाल्या, हाती पैसा आला. लौकिक दृष्टीने पाहता नकाराचे उट्टे निघाले, असेच कोणीही म्हटले असते.

परंतु शुभवर्तमानात प्रभूने सांगितलेला मोत्याच्या व्यापाऱ्याचा दाखला आपणास आठवत असेल. त्या व्यापाऱ्यापाशी मोती पुष्कळ होते. तरी एक अमोल मोती दृष्टीस पडताच त्याने असेल नसेल ते विकले. गोन्सालो यांच्याही डोळ्यांपुढून तो एक मोती कधी हलला नाही. व्यापाराच्या निमित्ताने ते फिलिपाइन्स बेटांतील मनिला शहरी जात येत असत. तेथे अनवाणी, जाडेभरडे झगे घातलेले, भिक्षेवर राहणारे संत फ्रान्सिस यांच्या संघाचे बंधू त्यांनी पाहिले. ज्यांच्यापाशी काहीच नाही व ज्यांना कशाचीच वाण नाही, अशा त्या लोकांत आपला हरवलेला मोती आहे, हे व्यापाऱ्याच्या तीक्ष्ण नजरेने हेरले.

पेढ्या बंद झाल्या, धन गेले, रेशमी वस्त्रे गेली. आणि गोन्सालो मनिला येथे फ्रान्सिस संघात साधे सेवक बंधू झाले. येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. पैसा सोडणे हा त्यांचा दुसरा त्याग होता. त्यापूर्वी त्यांना पहिला व अधिक अवघड त्याग करावा लागला. देवाची सेवा मी ठरविलेल्याच घरात, ठरविलेल्याच वेषात करीन, हा हट्ट त्यांनी सोडला. एकदा नाकारला गेलेला मनुष्य पुन्हा दुसऱ्या दारापुढे याचक म्हणून उभा राहतो, तेव्हा त्याने मागचा मान आणि मागचा अपमान हे दोन्ही उंबरठ्याबाहेर ठेवलेले असतात. एरवी त्याचा हात दारावर थाप मारण्यास उठतच नाही.

पुन्हा जपान

इकडे जपानात तोयोतोमी हिदेयोशी हा सत्ताधीश झाला होता. इ. स. १५८७ साली त्याने परदेशी धर्मगुरूंनी देश सोडावा असा हुकूम काढला होता, जरी त्याची अंमलबजावणी कडकपणे झाली नव्हती. पुढे त्याने कोरियावर स्वारी केली आणि फिलिपाइन्सनेही आपले स्वामित्व मानावे, अशी मागणी केली. तेव्हा मनिलाच्या स्पॅनिश सुभेदाराने फादर पेद्रो बाप्तिस्ता या फ्रान्सिस संघाच्या धर्मगुरूंस वकील म्हणून इ. स. १५९३ साली जपानला धाडले. त्यांच्यासोबत दुभाषा हवा होता, आणि त्यासाठी बंधू गोन्सालो यांच्याहून योग्य मनुष्य कोठे मिळणार?

देवाची योजना पाहा. येशूसंघाच्या सेवेत असताना शिकलेली भाषा, व्यापारात अंगी बाणलेले देशाचे रीतिरिवाज व माणसांची पारख, हे सर्व त्यांनी सोडून दिले होते; आणि हेच सर्व देवाने त्यांच्या हाती परत ठेवले. जे आपण मुठीत आवळून ठेवतो ते आपल्यापाशी नासते. जे देवाच्या हाती सोडतो, त्यातील उपयोगी तेवढे तो निवडून आपणास माघारी देतो.

हिदेयोशीपुढे अनवाणी, जाड्याभरड्या झग्यात उभे राहून गोन्सालो यांनी दुभाष्याचे काम केले. या दरिद्री लोकांविषयी त्या प्रबळ सत्ताधीशाला कुतूहल वाटले. राजधानी क्योतो येथे राहण्याची परवानगी व जागा त्यांना मिळाली. तेथे त्यांनी चर्च व लहानसा मठ बांधला आणि त्यांच्या शेजारी रुग्णालये उघडली. त्यांत मुख्यत्वे कुष्ठरोगी असत. ज्या जिल्ह्यात वरोड्याचे आनंदवन उभे राहिले त्या चंद्रपूरच्या शेजारी आपण राहतो. कुष्ठरोग्याला घर व गाव कसे पारखे होते, हे आपल्या भागास नव्याने सांगावयास नको. पूर्वी रेशमाचा पोत पारखणारे बोट आता जखमा धूत होते.

वधस्तंभाची वाट

इ. स. १५९६ च्या ऑक्टोबर महिन्यात मनिलाहून मेक्सिकोस निघालेले सान फेलिपे नावाचे स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या तोसा प्रांताच्या किनाऱ्यास लागले. त्यावर किमती माल होता. तो जप्त झाला. त्यातून वाद पेटला. स्पेनचा राजा आधी धर्मगुरू पाठवितो व मागाहून सैन्य पाठवितो, असा संशय हिदेयोशीच्या मनात भरला गेला. राजकारण व लोभ यांच्या भांडणात निरपराध माणसे भरडली गेली. डिसेंबर महिन्यात क्योतोच्या मठाभोवती पहारा बसला आणि मृत्युदंडाची आज्ञा झाली.

इ. स. १५९७ च्या जानेवारीच्या आरंभी बंदिवानांच्या डाव्या कानाचा भाग कापण्यात आला आणि त्यांना गाड्यांत बसवून रस्त्यांतून फिरविण्यात आले. मग भर हिवाळ्यात, बर्फाळ वाटांनी, शेकडो मैलांचा प्रवास सुमारे महिनाभर चालला. नागासाकी हे ख्रिस्ती लोकांचे मोठे ठिकाण. म्हणून त्यांना दहशत बसावी यासाठी शिक्षेची जागा तीच ठरविली होती. आरंभी बंदिवान चोवीस होते. वाटेत त्यांची सेवा करणारे आणखी दोघे धरले गेले व संख्या सव्वीस झाली. त्यांत फ्रान्सिस संघाचे सहा, येशूसंघाचे तीन व बाकीचे सतरा सामान्य ख्रिस्ती गृहस्थ आणि मुले होती. स्वयंपाकी होते, सुतार होते, धर्मशिक्षक होते. मिस्सा-सेवक लुइस इबाराकी हा तर अवघा बारा वर्षांचा होता.

दिनांक ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस ओळीने मांडलेले होते. त्या समयी वसईचे गोन्सालो पुढे झाले आणि सर्वांआधी त्यांना क्रुसावर चढविण्यात आले, अशी परंपरा आहे. भाल्यांनी त्यांचे शरीर विंधिले गेले. त्यांचे वय तेव्हा सुमारे चाळीस होते.

त्या सकाळची एक हकीकत मनात साठवून ठेवण्यासारखी आहे. येशूसंघाचे जे तिघे त्या ओळीत होते, त्यांपैकी पौल मिकी हे पूर्वीपासून संघाचे सभासद होते. परंतु गोतो बेटाचा योहान आणि याकोब किसाई या दोघांना त्यांची व्रते त्याच दिवशी, मृत्यूपूर्वी काही घटका, घेता आली. जी गोष्ट गोन्सालो यांनी तारुण्यात वर्षानुवर्षे मागितली व त्यांना मिळाली नाही, ती त्यांच्याच ओळीतील क्रुसांवरील सोबत्यांना शेवटच्या सकाळी मिळाली. ज्याच्या मनात जुने शल्य राहिले असते, त्याला त्या क्षणी भाल्याआधी तेच टोचले असते. परंतु तेथे कोण कोणत्या संघाचा, कोण आधी आला, कोणास नाकारले गेले, कोणास स्वीकारले गेले, हे सारे हिशेब संपले होते. क्रूस सव्वीस होते आणि ते सर्व एकाच प्रभूचे होते.

मरणोत्तर गौरव

इ. स. १६२७ साली पोप आठवे अर्बन यांनी गोन्सालो व त्यांच्या सोबत्यांना धन्यपद बहाल केले, आणि ८ जून १८६२ या दिवशी पोप नववे पायस यांनी नागासाकीच्या सव्वीसही हुतात्म्यांना संतांच्या मालिकेत समाविष्ट केले. पृथ्वीवर ज्या दोन संघांच्या वाटा निराळ्या होत्या, त्यांचे हुतात्मे वेदीवर एकत्र आले. ख्रिस्तसभा दरवर्षी ६ फेब्रुवारी रोजी संत पौल मिकी व त्यांचे सोबती या नावाने त्यांचा सण पाळते.

जपानात पुढे इ. स. १६१४ च्या बंदीहुकुमानंतर अडीच शतके ख्रिस्ती धर्म भूमिगत झाला. तथापि इ. स. १८६५ साली नागासाकीच्या ओउरा येथे, या सव्वीस हुतात्म्यांच्याच नावाने बांधलेल्या चर्चमध्ये काही गरीब खेडूत आले आणि आपल्या पूर्वजांनी गुप्तपणे जतन केलेली श्रद्धा त्यांनी धर्मगुरूंपाशी प्रकट केली. इकडे वसईचा कोट इ. स. १७३९ साली चिमाजी अप्पांनी जिंकला. कोटातील चर्चांच्या भिंतीच काय त्या आता उभ्या आहेत. परंतु कोटाबाहेरच्या वाड्यापाड्यांतील श्रद्धा उरली व वाढली. आज वसईजवळ गास येथे संत गोन्सालो यांच्या नावाचे चर्च आहे आणि वसईत त्यांच्या नावाचे महाविद्यालयही आहे.

आपणास बोध

वसईहून आरमोरी फार दूर आहे. तिकडे समुद्र, इकडे झाडी; तिकडे चारशे वर्षांहून जुनी ख्रिस्ती वस्ती, इकडे आपले तरुण धर्मग्राम. चांद्याचे मिशनक्षेत्र इ. स. १९६२ साली सी. एम. आय. संघाच्या हाती सोपविले गेले, तेव्हा केरळच्या धर्मगुरूंनी नारळी-पोफळीचा देश सोडून या मोहाच्या व सागाच्या रानात मुक्काम केला, आणि आपली मायबोली बाजूस ठेवून ते मराठी शिकले. गोन्सालो ज्या वाटेने गेले तीच ही वाट होय. तरीही ती वाट केवळ धर्मगुरूंची आहे असे कोणी समजू नये.

आपल्या झाडीपट्टीतील प्रत्येक शेतकरी धानाचे पऱ्हे टाकतो. दाट, हिरवेगार पऱ्हे डोळ्यांना सुखवितात. पण ते तसेच राहू दिले तर लोंबी भरणार नाही. पावसात वाकून ते उपटावे लागतात आणि दुसऱ्या बांधीत त्यांची रोवणी करावी लागते. उपटताना मूळ तुटू द्यावयाचे नसते. मुळास लागलेली थोडी जुनी मातीही सोबत जाते. परंतु जागा मात्र सोडावीच लागते. रोवणीनंतर दोन-चार दिवस पऱ्हे मलूल होतात, मग मूळ धरतात. आध्यात्मिक जीवनातील त्याग नेमका असाच आहे. भूतकाळ सोडणे म्हणजे आईबापांची भाषा, पूर्वजांचा आदर किंवा आपली माती तुच्छ लेखणे नव्हे. गोन्सालो यांनी आपले शिक्षण, आपली भाषा, आपले कसब यांपैकी काहीही तुडविले नाही. त्यांनी सोडली ती त्यांच्यावरची मालकी.

यास्तव या ज्युबिली वर्षी प्रत्येकाने एकांतात बसून आपली मूठ तपासावी. एखाद्या घराला आपण प्रथम ख्रिस्ती झालो याचा ताठा असेल, तो सोडावा. एखाद्याला कोणे एके काळी देवळाच्या कारभारात मान मिळाला नाही याचे दुःख असेल, तेही सोडावे. भावाभावांत बांधाच्या एका हातभर जमिनीवरून अबोला असेल, तर लेवीय ग्रंथातील कर्णा त्यांच्यासाठीच फुंकला गेला आहे असे समजावे. कोणी पूर्वी केलेले पाप प्रायश्चित्त संस्कारात कबूल करूनही रोज उकरून काढीत असेल, तर त्याने ध्यानात घ्यावे की देवाने पुरलेले उकरणे हीदेखील एक प्रकारची अश्रद्धाच आहे. संत पौल यांनी फिलिप्पै येथील मंडळीस हेच शिकविले : शर्यतीत धावणाऱ्याने मागील टप्पे मोजीत बसू नये, समोरील खुणेकडे धाव घ्यावी. मागे मान वळवून धावणारा अडखळतो.

आणि शेवटी, ज्यांना वाटते की आपल्यासाठी देवाचे दार बंद झाले, त्यांनी वसईच्या या पुत्राकडे अवश्य पाहावे. एक दार बंद झाले म्हणून देव निघून गेला नव्हता. तो दुसऱ्या दारापाशी त्यांची वाट पाहत उभा होता.

हे दयाघन प्रभो, तुझा सेवक गोन्सालो याने मानही सोडला, शल्यही सोडले आणि अखेरीस प्राणही तुझ्या स्वाधीन केले. त्याच्या विनंतीने आमच्या या धर्मग्रामातील लहानथोरांना तशीच मोकळी मने दे, म्हणजे आमची ज्युबिली केवळ मंडपाची व पताकांची न राहता तुझ्या चरणी मान्य होईल. आमेन.